भाषण नको, गाठ घालून द्या

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एक कॉल सेंटर होतं. काम अगदी कंटाळवाणं: विद्यापीठातून शिकून गेलेल्यांना फोन लावायचे आणि देणगी मागायची. फोन लावणारी मुलंही विद्यार्थीच, चार पैसे मिळावेत म्हणून आलेली. समोरून बहुतेक वेळा नकारच यायचा. काही जण तर बोलणं पुरं होण्याआधीच फोन ठेवून द्यायचे.

अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक साधा प्रयोग केला. या देणग्यांमधून शिष्यवृत्ती दिली जाई. ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी त्याने काही मुलांची गाठ घालून दिली. गप्पा झाल्या फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या गटाला त्याच विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं आणि तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. महिन्याभराने आकडे पाहिले, तर प्रत्यक्ष भेटलेल्या मुलांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि त्यांनी जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. बाकी दोन गट होते तिथेच. पगार वाढला नव्हता, प्रशिक्षण झालं नव्हतं. आपण कोणासाठी फोन लावतो, त्या माणसाचा चेहरा मुलांनी पाहिला होता, एवढंच. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं.

पुढे २०११ मध्ये ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी जास्त खोडकर प्रश्न विचारला. कामाचं महत्त्व साहेबांनी येऊन सांगितलं तर? ज्याला त्या कामाचा उपयोग झाला त्याने सांगितलेलं जास्त लागू पडलं, साहेबांचं कमी. साहेब बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, यात यांचा काय फायदा? आपल्याकडे ही शंका यायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. कुठल्याही स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं की मागच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे बघावेत.

तरीही 'नेतृत्व विकास शिबिर' म्हटलं की आपण नेमकं तेच करतो. माइकसमोर कसं उभं राहायचं, नजर कुठे ठेवायची, गट कसा पाडायचा, घोषणा कशी द्यायची. मुलं धीट होतात हे खरं, आणि ते वाईट नाही. पण लोकांना आपल्या मागे कुठे न्यायचं, हा प्रश्न शिबिरात येतच नाही. वाट माहीत नसलेला धीट माणूस पुढे चालू लागला तर मागच्यांचं काय होतं, ते आपण अनेक निवडणुकांमध्ये पाहिलं आहे.

नेतृत्वाच्या आधी काय यायला हवं, त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'उद्दिष्ट' म्हटलं की मार्चअखेरचं टार्गेट आठवतं. 'ध्येय' वक्तृत्व स्पर्धांनी घासून गुळगुळीत केलं. मला 'प्रयोजन' बरा वाटतो. जुन्या मराठीत घरच्या मोठ्या कार्याला, जेवणावळीलाही 'प्रयोजन' म्हणत. यजमानाची सगळी धावपळ पंगतीसाठी, आणि तो स्वतः बसायचा शेवटच्या पंगतीला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले विल्यम डेमन यांची व्याख्या या शब्दाच्या फार जवळ जाते. त्यांनी किशोरवयीन आणि तरुण मुलांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते प्रयोजन हा दीर्घकाळ टिकणारा हेतू असतो. तो स्वतःला मोलाचा वाटतो आणि त्याच वेळी स्वतःपलीकडच्या जगातही काही घडवू पाहतो. दोन्ही हवं. 'मला डॉक्टर व्हायचंय' हे झालं करिअर. कशासाठी आणि कोणासाठी, याचं उत्तर त्याला जोडलं गेलं की त्याचं प्रयोजन होऊ लागतं. डेमन यांच्या पाहणीत असं स्पष्ट प्रयोजन असलेली मुलं साधारण पाचात एक निघाली. बाकीच्यांत नुसती स्वप्नं पाहणारी होती, आज हे उद्या ते करून बघणारी होती, आणि कशातच जीव न रमणारीही होती.

आता खरी गंमत. हे शिकवता येतं का?

डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये शाळकरी मुलांपुढे संगणकावर दोन गोष्टी ठेवल्या. एकीकडे वजाबाकीची सोपी पण जीव नकोसा करणारी गणितं, दुसरीकडे मजेदार व्हिडिओ आणि टेट्रिस हा खेळ. कधीही इकडून तिकडे जायची मुभा. (म्हणजे दहावीच्या मुलाची अभ्यासाची खोली हुबेहूब.) 'शिकून मला जगाच्या काही उपयोगी पडायचंय' असं ज्या मुलांना मनापासून वाटत होतं, ती गणितांना जास्त वेळ चिकटून राहिली. चांगली नोकरी आणि भरपूर पैसा एवढाच हेतू असलेल्यांमध्ये ही चिकाटी तशी दिसली नाही.

त्यानंतर त्यांनी असा हेतू जागा करता येतो का, ते पाहिलं. एका तासिकेत बसेल एवढाच कार्यक्रम. जग कसं सुधारता येईल, असं आधी मुलांनाच विचारलं. मग मोठ्या वर्गातली मुलं कशासाठी शिकतात ते वाचायला दिलं. शेवटी, तुम्ही कशासाठी शिकता हे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी लिहा, असं सांगितलं. 'तुझं प्रयोजन हे असायला हवं' असं एकदाही कोणी म्हटलं नाही. पुढच्या काही महिन्यांत गणित-विज्ञानाचे गुण थोडे वाढले, आणि मागे पडणाऱ्या मुलांचे जास्त. डोळे दिपावेत असा हा परिणाम नाही. पण इतक्या कमी वेळात इतकं होतं, हेच मला थक्क करतं. शिवाय आधीच्या, टेट्रिसच्या प्रयोगात गरीब घरांतली मुलं मोठ्या संख्येने होती. 'आधी भाकरी, मग प्रयोजन' म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

याच वयात असं का घडत असावं? आपण बहुतेक वेळा कुमारवयाचं वर्णन धोके पत्करणारं, मित्रांमागे वाहवत जाणारं वय असं करतो. ईव्हा टेल्झर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात दुसरी बाजू दिसते. मुलं कुटुंबासाठी काही देतात तेव्हा मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र किती सजग होतं, हे त्यांनी मोजलं. ज्यांच्यात ते जास्त सजग झालं, त्यांची नैराश्याची लक्षणं वर्षभरात कमी झाली. स्वतःच्या लाभासाठी जोखीम घेताना ज्यांचं तेच केंद्र जास्त पेटत होतं, त्यांची वाढली. मुलं थोडी होती आणि असा एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण 'या वयाच्या मुलांना फक्त घ्यायचं असतं' हा समज तपासून पाहायला हवा, एवढं नक्की.

अँथनी बरो या संशोधकाचं काम डोंगर चढणाऱ्यांना आवडेल. थकलेल्या माणसाला चढ जास्त उभा दिसतो, असं म्हणतात. सिंहगडाच्या निम्म्या वाटेवर पाठीवरची सॅक टोचायला लागली की ते पटतंही. बरो आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की प्रयोजनाची जाणीव असलेल्यांमध्ये दमणूक आणि चढाचा अंदाज यांची ही सांगड सैल होते. मात्र मूळ कल्पनेवरच वाद आहे. पाठीवर जड सॅक देऊन चढ किती उभा दिसतो असं विचारलं, की प्रयोगात काय अपेक्षित आहे हे लोक ओळखतात आणि तसं उत्तर देतात, असा आक्षेप फ्रँक डर्गिन यांनी २००९ मध्ये घेतला होता. तेव्हा हे जरा हातचं राखूनच घ्यावं.

एक गोष्ट मात्र नीट बोलायला हवी. प्रयोजन आपोआप चांगलं नसतं. विशीतल्या पोराला 'तू एका मोठ्या कार्याचा भाग आहेस' असं वाटायला लावणं दंगलखोर संघटनांना शाळेपेक्षा कितीतरी छान जमतं. तिथेही चिकाटी येते आणि झोकून देणं असतं. तिथूनही नेते निघतात. म्हणून मुलाला आयतं प्रयोजन हातात देणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो कितीही सज्जन असो, मी जरा संशयाने बघतो. ज्याच्यासाठी काम करायचं, त्या माणसाशी थेट गाठ पडली की 'हे खरंच त्याच्या उपयोगाचं आहे का' असा प्रश्न विचारायची सोय राहते. घोषणेत ती नसते.

महाराष्ट्राला हे नवं नाही. पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलांची बुद्धी समाजाच्या प्रश्नांना जोडावी म्हणूनच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. त्याची मुळं गांधीजींच्या 'नई तालीम' या शिक्षणविचारापर्यंत पोचतात. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून कॉलेजा-कॉलेजात आहे. तिच्या गावातल्या शिबिरात मुलं बंधारा बांधतात, श्रमदान करतात, रात्री नाटुकली बसवतात. पण त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर कोणाची विहीर भरणार, त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन कितीजण बसतात, हे त्या त्या कार्यक्रम अधिकाऱ्यावर अवलंबून. समारोपाला पाहुणे मात्र ठरलेले.

मॅथ्यू बंडिक यांचा २०११ चा अभ्यास तर शिक्षकांनी उद्या वर्गात करून पाहावा असा आहे. त्यांनी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांशी प्रत्येकी सुमारे ४५ मिनिटं संवाद घडवला. तुला काय मोलाचं वाटतं, पुढे काय करायचंय, ते का, अशा धर्तीचा. नऊ महिन्यांनी पाहिलं, तर अशा गप्पा झालेल्या मुलांना आपली दिशा इतरांपेक्षा जास्त स्पष्ट झाली होती.

पंचेचाळीस मिनिटं म्हणजे आपल्या शाळेतल्या एका तासिकेहून जरा जास्त. एकेका मुलासाठी एवढा वेळ काढायचा कुठून, असं कोणी विचारेल, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात तो प्रश्न खरा आहे. पण ऑफ तासाला मॉनिटरला फळ्यासमोर उभं करून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावण्याऐवजी मुलांच्या जोड्या पाडता येतील. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. विचारणाऱ्याला अट एकच: सल्ला द्यायचा नाही, फक्त पुन्हा एकदा 'का रे?' म्हणायचं.