कोडाक्रोम: फिल्ममध्ये नसलेला रंग

कपाट आवरताना कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मचा न धुतलेला रोल हाती लागला, तर तो रंगीत धुऊन देणारी व्यावसायिक लॅब आज उरलेली नाही. फिल्म बंद पडली एवढंच कारण असतं तर जुना साठा कुणीतरी धुऊन दिला असता. खरी गोम वेगळी आहे: कोडाक्रोमच्या रोलमध्ये रंग नव्हताच. तो लॅबमध्ये, डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनातून यायचा.

ही गोष्ट १९१२च्या आसपास सुरू होते. जर्मनीत रुडॉल्फ फिशर यांच्या लक्षात आलं की डेव्हलपर चांदीचे क्षार काळे करताना स्वतः ऑक्सिडाइझ होतो, आणि त्या अवस्थेत ‘कपलर’ नावाचं रसायन भेटलं तर तिथेच रंग तयार होतो. तीन थर, तीन कपलर, की झाली रंगीत फिल्म. पण हे कपलर जिलेटिनमध्ये एका जागी बसेनात. एका थरातून दुसऱ्यात झिरपत, आणि सगळा रंगांचा काला होई.

आगफा या जर्मन कंपनीने १९३६मध्ये कपलरच्या रेणूला लांब शेपूट जोडून तो थरात अडकवला. त्याच्या आदल्याच वर्षी बाजारात आलेल्या कोडाक्रोमने मात्र कपलर फिल्ममधून काढून डेव्हलपरमध्येच टाकला होता. ही युक्ती लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघांची. एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही म्हणून ते ब्राम्सची सिंफनी शिट्टीवर वाजवून सेकंद मोजत, असं सांगतात. खरं असो नसो, गडी तसेच होते.

त्यांची पहिली पद्धत भलतीच नाजूक होती. तिन्ही थर आधी सायन (हिरवट निळे) करायचे, मग रंग उडवणारं ब्लीच वरून फक्त दोन थरांपर्यंत मुरू द्यायचं, ते पुन्हा रंगवायचे, मग तेच फक्त वरच्या थरापुरतं. शिवाय त्या काळातल्या स्लाइडचे रंग टिकलेही नाहीत. १९३८मध्ये हे सोडून प्रकाशाचा वापर सुरू झाला, आणि कोडाक्रोमचं खरं डोकं तिथे दिसतं.

१९७४मध्ये आलेली के-१४ ही या पद्धतीची शेवटची आवृत्ती. आधी मागचा कार्बनचा काळा लेप काढायचा. पहिल्या डेव्हलपरमध्ये तिन्ही थरांत कृष्णधवल निगेटिव्ह उमटते. उरलेल्या, न वापरल्या गेलेल्या क्षारांतून आता पॉझिटिव्ह घडवायचं असतं. खालून लाल प्रकाश टाकला की फक्त लाल प्रकाश ओळखणारा तळाचा थर जागा होतो. त्याला सायन डेव्हलपर. मग वरून निळा प्रकाश. तो मधल्या थरापर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत अतिसूक्ष्म चांदीच्या कणांचा पिवळा फिल्टर बसवलेला असतो. वरचा थर असा पिवळा होतो. उरला मधला, त्याला प्रकाशाची गरजच नाही, रसायनानेच जागा करून मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) देतात. शेवटी ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी धुऊन नेतात, पिवळा फिल्टरही, आणि फक्त रंग उरतो.

कपलर नसल्याने थर पातळ, चित्र धारदार. अंधारात ठेवलेल्या स्लाइडचे रंगही विलक्षण टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र इतके नाही.

पण तीन वेगळे रंगीत डेव्हलपर सांभाळायला मोठं यंत्र आणि रसायनांची सतत तपासणी लागते. एक्टाक्रोमसारख्या दुसऱ्या स्लाइड फिल्ममध्ये कपलर आतच असल्याने तिची धुलाई, म्हणजे ई-६ पद्धत, सहा द्रावणांत उरकते आणि छोट्या लॅबलाही जमते. अमेरिकेत तर १९५४पर्यंत कोडाक्रोमच्या किमतीतच धुलाई धरलेली असे. सरकारी दाव्यातल्या तडजोडीनंतर ती कोडॅकबाहेरच्या लॅबना खुली झाली.

जून २००९मध्ये कोडॅकने फिल्म बंद केल्याचं जाहीर केलं. शेवटी जगात एकच लॅब ती धूत होती, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. रोल स्वीकारायची अखेरची तारीख होती ३० डिसेंबर २०१०.

एखाद-दुसऱ्या हौशी माणसाने त्यानंतर घरी रसायनं जमवून रंग काढून दाखवलेत. बाकीचे असा रोल कृष्णधवल धुतात. काळा लेप बोटांना लागतो, नळाखाली शाईसारखा वाहतो, आणि ब्लीच होत नसल्याने तो पिवळा फिल्टर फिल्ममध्येच राहतो. निगेटिव्ह हाती येते ती दाट, मळकट तपकिरी.