किडीचं स्मारक: एंटरप्राइजच्या कारंज्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत अलाबामा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कॉफी काउंटीत, एंटरप्राइज हे छोटं शहर आहे. तिथल्या भर चौकात कारंज्यावर एका स्त्रीचा पुतळा उभा आहे आणि तिने डोक्यावर धरलाय एक भलामोठा किडा. कपाशीची नासाडी करणारा सोंडकिडा. खालच्या पाटीवर गावकऱ्यांनी त्याला ‘समृद्धीचा अग्रदूत’ म्हणून त्याचे आभार मानले आहेत.

हा किडा मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासात शिरला आणि पूर्वेकडे सरकत १९१५ मध्ये कॉफी काउंटीत पोचला. लांबी जेमतेम पाव इंच. मादी सोंडेने पातीला, म्हणजे कपाशीच्या कळीला, भोक पाडून आत अंडं घालते, अळी पाती आतूनच पोखरते आणि झाडाखाली पातेगळीचा सडा पडतो. वरून मारलेलं औषध अळीपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे हा किडा नाही. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना जास्त सांगायला नको.

कपाशी अशी हातची जायला लागल्यावर एच. एम. सेशन्स या गावातल्या व्यापाऱ्याला भुईमुगात वाट दिसली. १९१६ मध्ये त्याने सी. डब्ल्यू. बास्टन या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला भुईमूग पेरायला राजी केलं. पहिल्याच पिकात बास्टनचं कर्ज फिटलं. मग बाकीचेही बियाणं मागायला आले आणि बघता बघता ही काउंटी भुईमुगासाठी देशभर नावाजली गेली. खरं तर आभार मानायचे तर बास्टनचे मानायला हवेत. जुगार तो खेळला. पण शेतकऱ्यापेक्षा किड्याची जाहिरात जास्त होते, हे व्यापाऱ्यांनी बरोबर ओळखलं असावं. स्मारकाची कल्पनाही बॉन फ्लेमिंग या स्थानिक व्यापाऱ्याचीच.

पुतळा इटलीत घडवलेला, खर्च सुमारे १,८०० डॉलर, अनावरण ११ डिसेंबर १९१९ ला. गंमत म्हणजे ज्याचं स्मारक, तोच त्यावर नव्हता! तेव्हा स्त्रीच्या वर केलेल्या हातांत नुसतं कारंजं होतं. किडा बसवला थेट १९४९ मध्ये, ल्यूथर बेकर यांनी बनवून.

त्यानंतर तो चोरण्याचा नादच लागला. किडा अनेकदा पळवला गेला. १९९८ मध्ये तर किड्यासोबत पुतळ्याचे हातही उखडले गेले. नुकसान दुरुस्तीपलीकडचं ठरलं, म्हणून चौकात आता रेझिनची प्रतिकृती आहे. मूळ पुतळा गावातल्याच संग्रहालयात ठेवला आहे.