पिकअपचा रेडिएटर घरी बदलताना

हे पत्रक वाचून काही जणांना आमच्याकडून रेडिएटर घ्यायची गरजच उरणार नाही. चालेल. नको असलेला पार्ट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं, आणि येतं ते तावातावानेच.

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडचे एक शेतकरी सकाळी सातलाच शटरपाशी उभे होते. "रेडिएटर गेला, नवा द्या, माल भरायचाय." बोनेट उघडलं तर वरच्या होज पाइपची क्लिप गंजून ढिली पडलेली. पाणी तिथून झिरपत जाळीवरून ओघळायचं, म्हणून जाळीच फुटल्यासारखी दिसत होती. क्लिप बदलली आणि ते माल भरायला गेले.

गळती नेमकी कुठून?

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन बघा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, जिथे वाळतं तिथे त्याच्या रंगाचा पापुद्रा धरतो. तो वरून खाली कसा आला आहे ते पाहत वर जा, सर्वांत वरचा ओला डाग हे मूळ. प्लास्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे दाबून जोडलेली असते त्या कडेला डाग असेल, तर रेडिएटरच गेला. पूर्वीच्या पितळी टाकीला डाख देऊन काम भागायचं, या प्लास्टिकला डाख बसत नाही. वॉटर पंपाच्या पुलीमागे बारीक भोक असतं. तिथून ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलं आहे, रेडिएटर बदलून काही होणार नाही. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पाणी कमी होतंय? डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालू करू नका, टो करून गॅरेजला न्या. ते काम घरचं नव्हे.

रेडिएटरची कॅपही पाहा. तिचं रबर तडकलेलं असेल तर दाब टिकत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चांगल्या कॅपच्या दाबाखाली तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. वाशीला माल टाकून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा वर जातो, तेव्हा कधी कधी दोष एवढ्याशा कॅपचा असतो. गरम इंजिनाची कॅप उघडू नका म्हणतात तेही याच कारणाने: दाब सुटला की आतलं सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं गुंडाळूनही नको.

आता हळदीविषयी. रस्त्यात अडकल्यावर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचा उपाय ड्रायव्हर लोकांत जुना आहे. गळती कमी होते, खोटं नाही. पण हळदीला जाळीतली फुटकी नळी कोणती आणि धड कोणती हे कळत नाही. जुने रेडिएटर कापले की आत पिवळा गाळ घट्ट बसलेला आम्ही पाहतो. घरापर्यंत पोचायला टाकलीत तर टाकलीत, नंतर सगळी सिस्टिम साध्या पाण्याने धुवून काढा.

बदलायचं काम

अर्धा दिवस मोकळा ठेवा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग हाताने सोडवा. तो प्लास्टिकचा असतो, पक्कड लावलीत तर तुटेल. जुनं कूलंट गटारात ओतू नका आणि घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. चवीला ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरून झाकण लावा, आमच्याकडे आणून दिलंत तरी चालेल.

होज पाइप ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. चिकटलाच असेल तर कापा आणि नवा घाला. मग फॅनचं कव्हर, वरचे बोल्ट. एसी असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे असते. तिचे स्क्रू सोडवून ती बाजूला सरकवा, पण तिच्या पाइपांना हात लावू नका, आत दाबाखाली गॅस असतो. रेडिएटर सरळ वर उचला. खालचे रबर बुश जुन्यालाच चिकटून भंगारात जातात, ते काढून घ्या.

नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून होजच्या तोंडांची जाडी, बोल्टची भोकं आणि उंची जुळवा. मग द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा कापून फॅन आणि जाळीच्या मध्ये उभा धरा. आमच्याच मुलाने एकदा घाईत पुठ्ठ्याशिवाय नवा रेडिएटर खाली सोडला, फॅनच्या पात्याचं टोक जाळीत घुसलं आणि पार्ट दुकानातच भंगार झाला. नव्याच्या तोंडांवरची प्लास्टिकची टोपणं काढायला विसरू नका. हसू नका, विसरतात लोक.

भरताना

बोअरचं पाणी नको. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर इथे बारीक नळ्यांत बसतो. तयार कूलंट जसंच्या तसं ओता. पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घाला. साधारणपणे ते निम्मं-निम्मं असतं.

गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर करा आणि कूलंट हळूहळू ओता. वरचा होज मधूनमधून दाबा, बुडबुडे येतील. थंड इंजिन कॅप उघडी ठेवून चालू करा, पण तोंड लांब ठेवा. पातळी खाली गेली की भरत राहा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा वरचा होज एकदम गरम लागतो आणि पातळी पुन्हा उतरते. हवा निघाली की बुडबुडे थांबतात, मग कॅप लावा. दहा मिनिटांनीही ते थांबले नाहीत तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका घ्या. हवा अडकलेली राहिली तर नवा रेडिएटर असूनही गाडी तापते, आणि दोष पार्टवर येतो.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने गावातच मारा, घाटात नको. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघून रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत खुणेपर्यंत भरा. तरीही रोज कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, गाडी घेऊन या.

वॉरंटीसाठी बिल आणि रेडिएटर दोन्ही लागतील. आत हळद सापडली तर वॉरंटी नाही.