डायलिसिसवरच्या किडनीतला कर्करोग आणि मायक्रोआरएनए: ‘वाढलं’ म्हणजे कशाच्या तुलनेत?

दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या आक्रसलेल्या किडन्यांमध्ये सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या, होतात आणि त्यांतल्या काहींत गाठी, हे १९७७ साली इंग्लंडमधल्या शवविच्छेदनांतून ठळकपणे पुढे आलं. दोष तेव्हा डायलिसिसवर गेला. पुढे पोटाच्या डायलिसिसवरच्या, इतकंच काय डायलिसिस सुरूही न झालेल्या रुग्णांतही त्याच सिस्ट दिसल्या. तरी ‘डायलिसिसचा कर्करोग’ हा बोलण्यातला शब्द काही गेला नाही.

तो शब्द फसवा आहे. २००६ साली अशा किडन्यांतल्या गाठी बारकाईने तपासल्या गेल्या, तेव्हा दोन वेगळे प्रकार समोर आले. एकात पेशींची चाळणीसारखी जाळी आणि तिच्यात ऑक्झलेटचे चकाकणारे स्फटिक. दुसरा क्लिअर सेल पॅपिलरी, म्हणजे फिक्या पेशींचा, बोटांसारख्या उंचवट्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या गाठींच्या वर्गीकरणात दोन्ही आले. २०२२मध्ये दुसऱ्याच्या नावातून ‘कार्सिनोमा’ काढून टाकलं, कारण तो फारच सौम्य वागतो. म्हणजे जुन्या अभ्यासांत कर्करोग म्हणून मोजलेल्या काही गाठी आजच्या नावानुसार त्या यादीत बसतच नाहीत. शिवाय नेहमीचा क्लिअर सेल कर्करोगही या रुग्णांना होतो. या सगळ्यांचं मायक्रोआरएनए (जीनचं काम कमीजास्त करणारे आरएनएचे छोटे तुकडे) एका सरासरीत टाकलं, तर हाती येते ती खिचडी.

नेहमीच्या क्लिअर सेलमध्ये गणित बऱ्यापैकी सुटलेलं आहे. गाठींना आवर घालणारा व्हीएचएल जीन निकामी होतो, पेशीला ऑक्सिजन कमी असल्याचा भास होतो, एमआयआर-२१० (‘एमआयआर’ म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) वाढतं. एमआयआर-२०० कुळातली एमआयआर-१४१ आणि २००सी घटतात. स्फटिकवाल्या गाठीत मात्र नेहमीच्या क्लिअर सेलसारखा ३ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळण्याऐवजी बहुधा ३ आणि १६ ही गुणसूत्रं जादा असतात. तिथे तोच हिशेब लावणं घाईचं.

खरा वाद ‘नॉर्मल’चा आहे, आणि माझ्या मते त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. एमआयआर-२१ गाठीत वाढतं, तसंच किडनीत व्रणतंतू साचतानाही वाढतं. डायलिसिसवरच्या किडनीत गाठीशेजारचा भाग अशा तंतूंनीच भरलेला असतो. त्याच्याशी तुलना केली तर गाठीतली वाढ झाकली जाते. निरोगी किडनीशी केली तर किडनीच्या जुन्या आजाराची वाढ कर्करोगाच्या नावावर चढते. कोणता नमुना ‘नॉर्मल’ धरला, हे आधी वाचावं, आकडे मग.

ऊतींऐवजी रक्त घ्यावं, तर त्याची वेगळीच तऱ्हा. डायलिसिस चालू असताना नळीतून घेतलेल्या रक्तात हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, असतं. मायक्रोआरएनए मोजायला त्याच्या प्रती वाढवणारी पीसीआर चाचणी वापरतात; हेपारिन तिचे एन्झाइम अडवतं. आलेख उशिरा चढतो किंवा सपाटच राहतो, आणि मायक्रोआरएनए घटल्यासारखं वाटतं. हेपारिन देण्याआधी रक्त घेणं किंवा नमुन्यावर हेपारिन तोडणारं हेपारिनेझ वापरणं, हे त्यावरचे उपाय. किडनीच्या गाठीसाठी सर्वांत सोयीचा नमुना खरं तर लघवीचा, पण यांतल्या बऱ्याच जणांना ती होतच नाही.