उतारवयातला विसर आणि बी-१२ : पार्श्वभूमी

म्हातारपणीचा विसर आणि आहार हा विषय निघाला की हल्ली ऑलिव्ह तेल, अक्रोड आणि समुद्री माशांची नावं पुढे येतात. भूमध्य समुद्राकाठच्या आहारावरचं संशोधन मोलाचं आहेच. पण वरण-भात, पोळी-भाजी जेवणाऱ्या घरांना त्याहून जवळचा विषय बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे, आणि त्याच्या इतिहासातली दोन प्रकरणं मुंबई-पुण्यातच घडली आहेत.

एकोणिसाव्या शतकात ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा पंडुरोग झालेला माणूस सहसा वाचत नसे. रक्त कमी होत जाई, हातापायांना मुंग्या येत, चालताना तोल जाई, काहींना भ्रम होई. १९२६ साली बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी अशा रुग्णांना रोज भरपूर कलेजी खायला दिली आणि ते बरे होऊ लागले. त्यासाठी व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चं नोबेल मिळालं. कलेजीत नेमकं काय होतं, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग होत होता. मूळ आहारात असावं असा तिचा कयास होता, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे स्वस्त ‘मार्माइट’ने, या बायका सुधारल्या. त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

पुढचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९४०च्या दशकात फॉलिक ॲसिड औषध म्हणून मिळू लागलं आणि पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिलं गेलं. रक्त सुधारलं, रिपोर्ट चांगले आले. पण मज्जासंस्थेचा बिघाड थांबला नाही, काहींचा तर वाढत गेला. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे बी-१२ वेगळं काढलं गेलं, तेव्हा कोडं सुटलं: कलेजीतलं, मज्जातंतूंना हवं होतं ते हे.

तरीही ‘आधी ॲनिमिया, मग बाकीचं’ ही समजूत टिकली. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२ अभावी मज्जासंस्थेचा किंवा मानसिक त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ४० जणांना ॲनिमिया नव्हता, रक्तपेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. विसर, तोल जाणं, मुंग्या मात्र होत्या, आणि बी-१२ दिल्यावर बहुतेकांना आराम पडला. ‘हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग बी-१२ कशाला तपासायचं?’ हे वाक्य आजही ऐकू येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

नंतर लक्ष रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाकडे गेलं. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साचतं. वेल्लोरला शिकलेल्या सुधा शेषाद्री यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या वृद्धांमध्ये दाखवलं की ज्यांचं होमोसिस्टीन जास्त, त्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने सौम्य विसर असलेल्या वृद्धांना दोन वर्षं बी गटातली जीवनसत्त्वं दिली. मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना फायदा अधिक झाला. उलट २०१४ मध्ये याच जीवनसत्त्वांच्या, सुमारे २२,००० जणांवरच्या चाचण्यांची बेरीज मांडली, तेव्हा फायदा दिसला नाही. अल्झायमर जडलेल्यांवरच्या चाचणीतही नाही. म्हणजे ज्याला कमतरता नाही, त्याची स्मरणशक्ती गोळीने वाढेल ही आशा खोटी आहे. पण ज्याला कमतरता आहे, त्याच्याबद्दल हे आकडे फारसं सांगत नाहीत.

आणि आपल्याकडे ती आहे. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली: खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. सर्वाधिक कमतरता मध्यमवर्गीयांत होती, आणि शाकाहार हे मोठं कारण ठरलं. ती पिढी आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहे.

बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. भाजीपाल्यात, डाळीत ते मिळत नाही; स्पिरुलिना या शेवाळावरही भिस्त ठेवता येत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. वयाबरोबर जठरातलं आम्ल घटतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. त्यात अनेक घरांतला दिनक्रम असा: सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, जेवणाबरोबर मधुमेहाची मेटफॉर्मिन, आणि दिवसभरात दूध चहापुरतं. वर्षानुवर्षं घेतल्यास दोन्ही गोळ्या बी-१२चं शोषण कमी करतात. अशा माणसाचा रिपोर्ट काठावरचा आला, तर होमोसिस्टीन किंवा बी-१२ कमी पडलं की असंच साचणारं मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून घेता येतं, कारण पेशींना कमी पडत असतानाही रक्तातला बी-१२चा आकडा कधीकधी ठीक दिसतो.