निसर्गात न बसणारी कोंबडी

परसातल्या कोंबड्या, बदकं, शेळ्या, दारातलं मांजर यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, पण या छंदाला स्वतःचं खातं कधी मिळालं नाही. फोटो स्पर्धेला पाठवायची वेळ आली की गाडी अडते ती इथेच: कुठल्या विभागात टाकायचा?

सुरुवातीची गोष्ट थोडक्यात. 1839 च्या छायाचित्रणात कित्येक मिनिटं निश्चल राहावं लागे. कोंबडी त्यातून आपोआप बाद. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एका छायाचित्रकाराने ओळीने मांडलेल्या 12 कॅमेऱ्यांनी घोड्याची दौड पकडली. त्याच छायाचित्रकाराच्या 1887 च्या मोठ्या संग्रहात 781 फलक (छायाचित्रांची छापील पानं) आहेत, आणि शेवटचा फलक फटाक्याने बिथरलेल्या कोंबड्यांचा आहे. पुढे 1900 मध्ये एका डॉलरचा पेटी-कॅमेरा आला. घरची जनावरं अल्बममध्ये शिरली खरी, पण जवळचं फोकस होत नसल्याने कोंबडी बहुधा पोरांच्या पायाशी एक ठिपका.

खरा घोळ 'निसर्ग' या शब्दाचा. 2014 मध्ये तीन मोठ्या छायाचित्रण संस्थांनी मिळून निसर्ग छायाचित्रणाची एकच व्याख्या ठरवली. जगभरातल्या कितीतरी स्पर्धांनी ती मानली. पाळीव प्राणी त्यात चालत नाहीत. पाळीव असून मोकाट सुटलेलेही नाहीत, आणि पेंढा भरलेलेही नाहीत. म्हणजे जिवंत कोंबडी आणि भुसा भरलेला ससा एकाच यादीत! प्राणिसंग्रहालयातला वाघ मात्र 2014 च्या त्या व्याख्येनुसार 'निसर्ग' विभागात बसायचा. त्याला 'वन्यजीव' म्हणता येत नसे, एवढंच. माणसाची कुठलीही खूण चित्रात नको, पण माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या जिवांना सूट आहे, आणि त्यासाठी उदाहरणं दिली आहेत गव्हाणी घुबडाची आणि करकोच्यांची. एकाच गोठ्यात आढ्यावर घुबड आणि खाली कोंबडी असेल तर वरचा फोटो निसर्ग, खालचा नाही.

बाजू घ्यायची तर नियमामागचं कारण खोटं नाही. दाणे टाकून हवी तिथे उभी करता येणारी कोंबडी आणि तासन्‌तास वाट पाहून मिळालेला रानकोंबडा यांना एकाच तागडीत तोलणं अन्यायाचंच. पण मग पिंजऱ्यातल्या वाघाला कोणी तोललं? रानकोंबडा हा तर कोंबडीचा मूळ पूर्वज. पूर्वजाला मानाचं पान आणि वंशजाला दाराबाहेर, हे आमच्यासारख्यांना खटकतं. म्हणून पाळीव प्राण्यांचे फोटो खुल्या रंगीत विभागात जातात आणि तिथे सूर्यास्त नि चेहऱ्यांशी झुंजतात.

कॅमेऱ्यांनी मात्र भेदभाव ठेवला नाही. 2003 च्या सुमारास हजार डॉलरच्या आतले डिजिटल एसएलआर (भिंग बदलता येणारे कॅमेरे) आले आणि फिल्म फुकट जाण्याची धास्ती संपली. शंभरातले नव्वद फोटो पुसायचे, हे या छंदाचं खरं भांडवल. 2019 मध्ये कुत्र्या-मांजरांचे डोळे ओळखून फोकस धरणारे कॅमेरे मिळू लागले, 2020-21 मध्ये पक्ष्यांचेही. सोय झाली ती रानातले पक्षी टिपणाऱ्यांसाठी, पण मेनूत 'पक्षी' निवडला की कोंबडीलाही ती लागू पडते. कॅमेरा व्याख्या वाचत नाही. 2020 च्या टाळेबंदीत काही देशांत घरी कोंबड्या पाळण्याची लाट आली आणि खुराड्यापाशी कॅमेरे वाढले.

तरी कोंबडी सहज हाती लागत नाही. चालताना ती डोकं झटक्याने पुढे फेकते, मग अंग पुढे येईपर्यंत ते जागच्या जागी धरते. शटर त्या स्थिर क्षणी पडलं तरच डोळा रेखीव येतो. लाल तुरा उन्हात चटकन भडक होतो, पांढऱ्या पिसांचा तपशील उडतो, काळ्या पिसांवरची हिरवी झाक प्रकाशाचा कोन बदलला की गायब. आणि सगळं जुळलं असतानाच तिची तिसरी पापणी, म्हणजे एक पातळ पडदा, डोळ्यावरून सरकते. फोकस अचूक, डोळा दुधाळ.