शंट तुंबणे आणि शंटला जंतुसंसर्ग होणे

पंचवटीतल्या एखाद्या घरी बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी तेल लावताना आजीच्या बोटांना टाळू फुगलेली, ताठ लागते, त्यातच बाळ उलट्या करू लागते, आणि दोष बहुतेकदा येऊ घातलेल्या दातांवर जातो. परंतु मेंदूतील जादा पाणी त्वचेखालून पोटात नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवलेल्या बाळाला अशा वेळी त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्यावे; कारण नळी तुंबली आहे की तिला जंतुसंसर्ग झाला आहे, हे घरी ओळखता येत नाही.

उलट्या, चिडचिड, सुस्ती दोन्हींत सारखीच. ताप, नळीच्या मार्गावरची लाली, पोटदुखी ही लक्षणे संसर्गाची शंका वाढवतात. मात्र ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे मुळीच समजू नये, शिवाय संसर्गामुळेही नळी तुंबू शकते. बहुसंख्य संसर्ग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतात, म्हणून डॉक्टर ऑपरेशनची तारीख आधी विचारतात. सीटी स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या वाढलेल्या पोकळ्या दिसतात, जंतू दिसत नाहीत. त्यासाठी शंटमधलेच पाणी काढून तपासावे लागते.

तुंबलेल्या नळीचा बिघडलेला भाग बदलला की सहसा काम भागते. संसर्गात मात्र जंतू नळीवर चिकट थर करून राहतात आणि औषधांना दाद देत नाहीत, म्हणून बहुधा पूर्ण शंट काढून पाणी तात्पुरत्या नळीने बाहेरच्या पिशवीत घेतात. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस हा जंतू असेल तर व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक बऱ्याचदा पुरते. क्लेबसिएला किंवा असिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला आणि कल्चर रिपोर्टवर (जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालावर) मेरोपेनेम या प्रभावी प्रतिजैविकापुढेही ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) आला, की कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधे हाती राहतात. शिरेतून दिलेले कोलिस्टिन मेंदूतल्या पाण्यात फार थोडे उतरते. म्हणून ते बाहेरच्या नळीवाटे थेट पोकळीतही देतात आणि आत टिकावे यासाठी नळी 15 ते 60 मिनिटे बंद ठेवतात. शिरेतल्या डोसामुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वारंवार पाहावे लागते.

‘ताप उतरला, मग शंट का बसवत नाही?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर अशा जंतूंच्या बाबतीत पाण्याचे कल्चर निर्जंतुक आल्यानंतर 10 दिवसांनी नवा शंट बसवावा. तोवर बाळाला मुंबईला हलवायचे ठरले, तर जुने सीटी आणि ‘आर’ लिहिलेला तो रिपोर्ट फाइलमध्ये सोबत असावा, नाहीतर औषधांची निवड पुन्हा अंदाजानेच सुरू होते.